नाका सोडला नाही

मुखरू नाकेदाराच्या अंगात राग किती आहे, हे पळसटोल्याला बावीस वर्षांपासून ठाऊक होतं. आरमोरीच्या डॉक्टरनं फक्त तो मोजून दिला.

दोनशे दहा भरला.

डॉक्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, नळीतला पारा वर वर जाताना पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. मग मुखरूच्या पोटरीत अंगठा रुतवला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, वावराच्या ओल्या धुऱ्यावर गाईचा खूर उमटावा तसा.

"नाकेदार, असं केव्हापासून आहे?"

"जन्मापासून," मुखरू म्हणाला. त्याला वाटलं रागाचं विचारतायत.

"सुजेचं विचारतो मी."

"ते दिवाळीपासून."

आता हा मुखरू म्हणजे कोण, तर जंगलखात्याचा माणूस. पळसटोल्याच्या तिठ्यावर, जिथं रानातली वाट आरमोरीच्या सडकेला मिळते, तिथं खात्याचा नाका होता. एक कुडाची खोली, एक बाक आणि रस्त्यावर आडवा एक बांबू, ज्याच्या बुडाला धोंडा बांधलेला. त्या बांबूला सगळे दांडा म्हणत. रानातून जे निघेल ते दांड्याखालून जायचं: सागाची लाकडं, मोहफुलं, डिंक, बांबूच्या ताट्या, मुळ्या. पास असेल तर दांडा वर, नसेल तर माल खाली. छप्पन साली राज्य बदललं, तेव्हा खोलीवरच्या पाटीवरचं मध्यप्रदेश खोडून मुंबई लिहिलं गेलं. दांडा तोच राहिला आणि दांड्यामागचा मुखरूही तोच राहिला.

बावीस वर्षांत त्यानं कोणाचं पान खाल्लं नव्हतं. खाल्लं नाही ते नाही, पण देणाऱ्याला तो असा काही बोलत असे की त्याचंही पुढं महिनाभर पान खायचं मन होऊ नये. बायकोच्या भावानं, म्हणजे साळ्यानं, लग्नाच्या मांडवासाठी दोन बल्ल्या विनापास आणल्या, तर मुखरूनं त्या मांडवाच्या दारातून जप्त केल्या आणि मग आत जाऊन लग्न जेवला. साळा चार वर्षं बोलला नाही. मुखरू म्हणाला, बरं झालं.

तर अशा माणसाला डॉक्टरनं तीन गोष्टी सांगितल्या. मीठ बंद. दोन वेळा एक गोळी. आणि आठवड्यातून दोनदा इंजेक्शन, ज्यानं अंगात साचलेलं पाणी लघवीवाटे निघून जाईल.

"आणि चौथी गोष्ट," डॉक्टर म्हणाला, "संतापायचं नाही."

"त्याची गोळी नाई का?"

"त्याचीच गोळी दिली आहे."

गोळी खाल्ली की नाक चोंदायचं आणि दुपारी डोळे मिटायला लागायचे. राग काही गेला नाही. फक्त पूर्वी मुखरू जागेपणी रागवत असे, तो आता पेंगतानाही रागवायला लागला. त्यात कंपौंडरनं त्याला सांगून ठेवलं की ही गोळी ज्या सापमुळीची करतात ती आपल्याच रानात निघते.

"म्हणजे पाह्य," मुखरू बायकोला म्हणाला, "बावीस वर्षं एक मुळी मी विनापास जाऊ देल्ली नाई. आता थेच मुळी नागपूरहून डब्बीत बसून येते, नि सिधी माह्या पोटात जाते. तिचा पास कोणी पाह्यला?"

"उलटी काढा नि पाहा," सुगंधाबाई म्हणाल्या.

सुगंधाबाईही त्यावेळी रागातच होत्या. त्यांच्या घरची लाखोरीची डाळ गावात नावाजलेली, आणि आता ती बिनामिठाची शिजवायची. सुकी मासोळी बंद, आंब्याचं लोणचं बंद, पापड बंद. पहिल्या दिवशी मुखरूनं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"हे माती हाय."

"माती खारट तरी राह्यते," सुगंधाबाई म्हणाल्या. "खा. लोकं म्हनतीन नाकेदारानं सरकारचं मीठ सोडलं."

हे त्या गमतीनं बोलल्या होत्या. पण चार महिन्यांनी लोक खरंच तसं बोलायला लागले, आणि तेव्हा कोणालाच गंमत वाटली नाही.

त्याचं कारण होतं इंजेक्शन.

पत्रू कंपौंडर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सायकलवरून आतल्या गावांच्या फेरीला निघायचा. साडेसातला तो नाक्यावर थांबून स्टोव्हवर सुई उकळवायचा आणि मुखरूच्या कुल्ल्यात टोचून पुढं जायचा. या औषधात पारा असतो असं तो म्हणे. चढलेला पारा उतरवायला पाराच. परत तो अंधार पडल्यावर दुसऱ्या वाटेनं जाई, म्हणून संध्याकाळचं इंजेक्शन जमत नव्हतं. नऊ वाजले की औषध बोलायला लागायचं. बोलायला म्हणजे काय, हुकूम करायला. तलावाची पाळ फुटावी तसं. नऊ ते एक, दर पंधरा मिनिटांनी. मुखरू पासावरचा आकडा वाचत असतानाच पोटाखालून बोलावणं यायचं आणि ते थांबून घेणारं नसायचं.

जायचं कुठं, हा खरा प्रश्न. नाक्याच्या एका अंगाला मारोतीचा पार. दुसऱ्या अंगाला विहीर, तिथं बायका. समोर शाळा. मागं खुलं वावर, तिथं बसलेला माणूस आरमोरीपर्यंत दिसावा. आडोसा एकच, दीडशे पावलांवर नाल्याकाठचा मोह. जायला-यायला सहा मिनिटं. सुजलेल्या पायांनी सात.

आणि दांड्याला दिवसा कुलूप लावता येत नव्हतं. सूर्य मावळला की माल बंद, तेव्हा कुलूप. दिवसा ती सार्वजनिक सडक, टपालाची मोटर जाते, असा नियम. मुखरूनं अर्ज केला की नाक्याला दुसरा माणूस द्यावा. उत्तर आलं, माणूस नाही. दुसरा अर्ज केला की मंगळवार-शुक्रवार रजा द्यावी. उत्तर आलं, रजेच्या जागी द्यायला माणूस नाही. तिसरा अर्ज केला की नाक्याला लागून लघवीचा आडोसा बांधून द्यावा. त्याला तीन महिन्यांनी उत्तर आलं, की सदरहू जागा विहिरीच्या व शाळेच्या समोर असल्याने असभ्य दिसेल. अर्ज वाचणाऱ्या साहेबाला दालनाच्या मागं पक्की मोरी होती, हे मुखरूनं चांद्याच्या कचेरीत गेला असताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

"त्याले पाणी साचत नाई वाटते," तो त्या कागदाकडं पाहून म्हणाला.

मग त्यानं नियमाप्रमाणं जे करायचं ते केलं. खात्याच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, नाकेदाराने कोणत्याही कारणास्तव नाका सोडल्यास वेळ व कारण रजिस्टरात नोंदवावे. बावीस वर्षांत हा नियम पुस्तकाबाहेर कोणी पाहिला नव्हता. मुखरू चवथी पास होता आणि अक्षर मोत्यासारखं. तो प्रत्येक वेळी बाहेरच्या भिंतीवरच्या खिळ्याचा पितळी लोटा काढायचा, घड्याळ पाहायचा, टाक बुडवायचा आणि लिहायचा: ९-१० लघवीस. परत ९-१७. मग ९-२५ लघवीस. परत ९-३२. लघवी थांबवून लिहिणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. पण लिहिल्याशिवाय तो एकदाही गेला नाही.

रानातला साग तोडणाऱ्या ठेकेदाराचा मुनीम गुणवंतराव हा या रजिस्टराचा मोठा चाहता. ठेकेदाराच्या बैलबंड्या आल्या की मुनिमानं रजिस्टरात सही करायची असे. गुणवंतराव पान चघळत, पांढरं धोतर आवरत बाकावर बसायचे, छत्री मांडीवर आडवी ठेवायचे आणि सही करायच्या आधी मागली चार पानं काढून पाहायचे, बोट जिभेला लावून लावून.

"वा मुखरूजी, काय अक्षर हाय. माणसानं लघवीले जावं तर असं."

मुखरू रजिस्टर पुढं ओढून घेई. पण आतून त्याला बरं वाटे, हेही सांगायला हवं. त्याच्या अक्षराला साऱ्या खात्यात कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

वैशाखात रेंजर साहेब जीपमधून उतरले ते बाकावर बसलेच नाहीत.

"मुखरू, वैनगंगेच्या घाटावर सागाचे अकरा नग सापडले. खात्याच्या हातोड्याचा मार्का नाही. त्या घाटाला येणारी बंडी तुझ्याच दांड्याखालून जाते. मग हे नग काय आभाळातून पडले?"

"माह्या डोळ्यापुढून नाई गेले, साहेब."

"डोळ्यापुढून नसतील गेले. डोळे कुठं होते?" साहेबांनी रजिस्टर उघडलं. मागल्या फेरीत पेन्सिलनं मोजून ठेवलेलं होतं त्यांनी. "चार महिन्यांत पाचशे अकरा वेळा नाका सोडला. तुझ्याच हातचं आहे. नोकरी करतोस का मुततोस?"

मुखरूच्या कानशिलात ठोके पडायला लागले. विहिरीवरच्या बायकांनी रहाट थांबवला होता.

"पंधरा दिवस देतो," साहेब म्हणाले. "नग कसे गेले ते सांग. नाही तर चांद्याला मेडिकल बोर्डापुढं उभा राहा आणि घरी जा. आणि खरं सांगू, बोर्डाचा रस्ता बरा. लोक काय म्हणतात ते माझ्याही कानावर आहे."

लोक काय म्हणतात, ते मुखरूला त्या संध्याकाळी सुगंधाबाईंकडून कळलं. लोक म्हणत होते, आजार कसला, नि इंजेक्शन कसलं. मुखरूनं खाल्लं. बंडी आली की हा लोटा घेऊन निघतो, म्हणजे मी पाहिलं नाही असं म्हणायला मोकळा. साळा तर म्हणाला म्हणे, माझ्या दोन बल्ल्या त्याले दिसल्या, ठेकेदाराचे अकरा नग नाई दिसले.

नोकरी गेली असती तर मुखरू रागावला असता आणि जगला असता. पण बावीस वर्षं ज्या एका गोष्टीच्या जिवावर तो साऱ्या जगाला शिव्या देत आला, तीच गोष्ट लोकांनी पारावर बसून तंबाखूसारखी चोळून थुंकून टाकली. तो बिनामिठाच्या भातापुढं बसून राहिला. सुगंधाबाईंनी पाहिलं, माणसाच्या मानेची शीर दोरासारखी उठली होती.

"गोळी घ्या जी," त्या हळू म्हणाल्या.

"गोळीनं थे नग परत येतेत का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. स्वतःचं अक्षर पाहून त्याला पहिल्यांदा शिसारी आली. आणि वाचता वाचता त्याला एक दिसलं. पानांच्या कोपऱ्याला कात्याचे तांबडे डाग होते. सगळ्या पानांना नव्हते. सोमवारचं पान कोरं, बुधवारचं कोरं, शनिवारचं कोरं. मंगळवार आणि शुक्रवार, तेवढ्याच पानांना पान खाणाऱ्या बोटाचा ठसा.

त्यानं रजिस्टर मिटलं. गुणवंतराव त्याचं अक्षर पाहत नव्हते. वेळा पाठ करत होते. चोराला चोरीची वेळ मुखरूनंच लिहून दिली होती, टाक बुडवून, मोत्यासारख्या अक्षरात, सरकारी खर्चानं.

रागात माणूस पहिली जी गोष्ट करतो ती बहुतेक स्वतःलाच महागात पडते. मुखरूनं शुक्रवारी पत्रूला परत पाठवलं.

"टोचू नको."

"काका, पाणी साचते. जीव घाबरा होईन."

"होऊ दे. आज मी नाक्यावरून हालत नाई."

तो हालला नाही. लोटा खिळ्यावर टांगलेला आणि मुखरू दांड्याजवळ बसलेला, सकाळपासून सांजेपर्यंत. ठेकेदाराच्या दोन बंड्या आल्या, पासासकट, नगाला नग बरोबर. गुणवंतरावांनी सही केली.

"आज तब्येत बरी दिसून राह्यली, मुखरूजी. लोटा थंडा हाय."

मंगळवारीही त्यानं इंजेक्शन घेतलं नाही. तोवर पाय धानाच्या ढोलीसारखे झाले होते, बूट चढत नव्हते आणि चार पावलं चाललं की भात्यासारखा श्वास. मंगळवारीही काहीच गेलं नाही. बुधवारी सकाळी सुगंधाबाई रडत पत्रूला घेऊन आल्या आणि दोघांनी मिळून मुखरूला पालथा घातला. टोचून घेताना तो शिव्या देत होता, पण त्या शिव्यांना दम नव्हता. दिवसभर तो मोहाच्या वाटेवर होता.

बुधवारी त्याच वाटेवर त्याला बुधरी भेटली.

बुधरी रानातल्या पाड्यातली माडिया आदिवासी बाई, पन्नाशीची, बांबूच्या ताट्या विणून विकायची. दर शुक्रवारी ती आणि पाड्यातल्या दहा-अकरा बाया ओझी घेऊन पळसटोल्याच्या बाजाराला येत आणि दर शुक्रवारी मुखरू त्यांचं ओझं सोडून ताट्या मोजत असे. पासात पस्तीस तर पस्तीसच. तिचं आणि त्याचं बावीस वर्षांचं भांडण होतं. त्या दिवशी मुखरू मोहाखाली धापा टाकत बसलेला, लोटा बाजूला कलंडलेला. ती थांबली, आणि बहुधा पहिल्यांदाच वरून खाली त्याच्याकडं पाहिलं.

"मरतं का काय तू?"

"जाय तू आपली."

"जातो. पन तुले मरायच्या आंधी सांगतो," बुधरी ओझं टेकवून म्हणाली. "तुहे सागाचे लाकडं वळणावर उभे राह्यते. थ्या चिचेखाली. बंडीवाला तिथून तुह्या भिताडाकडं पाह्यते. लोटा खिळ्यावर चमकला का थांबते. लोटा नाई दिसला का हाकलते. दोन महिने झाले, आमी येता-जाता पाहून राह्यलो. साऱ्या रानाले ठाऊक हाय."

मुखरूनं कलंडलेला लोटा उभा केला. "मग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं का? तुले पाह्यलं का डोळे वटारते. आमच्या ताटीची काडी काडी मोजते तू. नि तुहे लाकडं तुह्या मुताच्या धारेवर वाहून गेले."

हे वाक्य मुखरूला डॉक्टरच्या सुईपेक्षा खोल गेलं. तो उठायला लागला, त्याला तिला काहीतरी भयंकर बोलायचं होतं, पण तेवढ्यात औषधाचं बोलावणं आलं आणि त्याला खालीच बसावं लागलं.

"मी पाठ फिरवतो," बुधरी म्हणाली आणि तिनं पाठ फिरवली. तिथंच उभी राहिली, ओझ्याला टेकून, रानाकडं पाहत.

"जाय ना तिकडं," मुखरू कळवळून म्हणाला. "बाई माणूस तू."

"मंग काय झालं? आमच्या घरी बुढे नाई का? माहा बुढा तं दोन साल खाटेवरच होता. बह्याडा, मुताची लाज तुले हाय, आमाले नाई. त्या दांड्यापाशी मडकं ठेवून बसला असता, तं कोनी पाह्यलं असतं तुले? काय पाह्याचं हाय तिथं?"

मुखरूनं याचा विचार बावीस वर्षांत केला नव्हता, आणि चार महिन्यांतही नाही. दीडशे पावलं तो बायकांच्या लाजेसाठी चालत होता. बायकांना कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनीही नाही, त्यानंही नाही. रागाला आता कुठं ठेवायचं ते त्याला कळेना, कारण त्यातला बराचसा राग परत त्याच्याच घरी यायला लागला होता.

"शुक्रवारी ताट्या किती आणशीन?" त्यानं विचारलं.

"काऊन? मोजाले?"

"दांड्याजवळ भिताडाले टेकवून उभ्या कर. बाजाराले जाच्या आंधी घडीभर."

बुधरीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग ओझं डोक्यावर घेतलं. "मोजू नको म्हंजे झालं," ती म्हणाली.

शुक्रवारी पत्रूनं साडेसातला टोचलं. मुखरूनं काही न बोलता टोचून घेतलं, तेव्हा पत्रूला जरा भीतीच वाटली. नऊच्या सुमाराला बुधरी आणि बाया आल्या. त्यांनी ताट्या खोलीच्या भिंतीला आणि दांड्याच्या खुंटाला टेकवून उभ्या केल्या, बाजारवाले करतात तशा, आणि ओझी उतरवून सावलीत तंबाखू मळत बसल्या. ताट्यांच्या आणि भिंतीच्या मधे एका माणसापुरती जागा राहिली. तिथं एक मडकं होतं. दांडा हातभर अंतरावर.

नऊ चाळीसला बोलावणं आलं. मुखरूनं घड्याळ पाहिलं, टाक बुडवला, रजिस्टरात लिहिलं. मग खिळ्यावरून लोटा काढला आणि ताट्यांच्या मागं गेला.

बाया तंबाखू मळत राहिल्या. विहिरीवर रहाट वाजत होता. बरोबर बुधरीनं सांगितल्याप्रमाणं वळणावरच्या चिंचेखालून आधी चाकाचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. तीन बंड्या, वर धानाच्या तणसाचा ढीग, आणि पुढं छत्री उघडून चालणारे गुणवंतराव. गुणवंतरावांनी रिकाम्या खिळ्याकडं एकदा पाहिलं. पहिल्या बंडीवाल्यानं उडी मारून दांडा उचलला. बैलांनी मान खाली घालून दांड्याखालून पाऊल टाकलं, आणि ताट्या धडाधड पडल्या.

मुखरू बाहेर आला तो काम अर्धवट टाकून आला होता. एका हातानं खाकी चड्डी धरलेली, दुसऱ्या हातानं त्यानं पहिल्या बैलाची वेसण पकडली. अनवाणी, पाय सुजलेले, तोंड लालबुंद, आणि चड्डीवर जे व्हायचं ते झालेलं. बैल जागच्या जागी थांबला. बैलालाही काही गोष्टी कळतात.

गुणवंतरावांची छत्री जराशी कलली. पण माणूस मुरलेला. "अहो मुखरूजी," ते म्हणाले, "आधी चड्डी तं बांधा."

"चड्डी माही हाय," मुखरू म्हणाला. "गेली तरी चालते. लाकडं सरकारचे हायेत. तणीस काढ बे."

बंडीवाला गुणवंतरावांकडं पाहायला लागला. तेव्हा बुधरी उठली, बंडीच्या चाकावर पाय देऊन चढली आणि तणसाचा पेंढा ओढून खाली टाकला. खाली साग होता, ताजा, तासलेला, मार्का कुठंच नाही. बाकीच्या बाया तोवर दुसऱ्या बंडीच्या जुवाजवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या. कोणी ओरडलं नाही. विहिरीवरच्या बायका घागरी तिथंच टाकून आल्या, त्यात सुगंधाबाईही होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि पुढं होऊन त्याच्या चड्डीची नाडी स्वतः बांधली, कारण वेसण तो सोडायला तयार नव्हता.

मुखरूचा श्वास तुटत होता. पण तो बोलत होता. बावीस वर्षांचं आणि चार महिन्यांचं सारं बोलत होता, साहेबाच्या मोरीसकट. गुणवंतरावांनी तिथंच बाकावर बसून ते सगळं ऐकून घेतलं, कारण जायला वाट नव्हती.

चौकशीला रेंजर साहेब सोमवारी आले. गुणवंतरावांनी सांगितलं की नाकेदार नेहमीप्रमाणं नाका सोडून गेला होता, पास दाखवायला आम्ही थांबणारच होतो, आणि नाकेदार नसताना दांडा उघडा असला तर बैलाला काय कळतं. रजिस्टर पाहा म्हणाले. रजिस्टराचं त्यांना फार होतं.

साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "नऊ चाळीस. लघवीस. नाका सोडला नाही."

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे कुठं केलीस?" साहेबांनी विचारलं.

"तिथं." मुखरूनं बोट दाखवलं.

"कोणी पाहिलं?"

"पाह्यलं नाई," दारातून बुधरी म्हणाली. "आईकलं. आमी बारा जनी होतो. अंगठा कुठी लावू?"

बारा बायांचे अंगठे लागले. तीन बंड्या, साग आणि घाटावरचे अकरा नग ठेकेदाराच्या नावावर चढले. गुणवंतराव लवकरच दुसऱ्या डेपोवर गेले असं ऐकू आलं. पारावरचे लोक म्हणायला लागले, आम्ही आधीच म्हणत होतो, मुखरूसारखा माणूस नाही. मुखरूनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पुन्हा काही दिवस गप्प राहिले.

आणि महिन्याभरानं खात्याचा कागद आला. त्यात नग पकडल्याबद्दल एक ओळ नव्हती. लिहिलं होतं की, नाक्याच्या सरकारी आवारात, सार्वजनिक रस्त्यालगत, स्त्रियांच्या समक्ष लघवी केल्याबद्दल सदरहू नाकेदारास सक्त ताकीद देण्यात येत आहे, व यापुढे असा प्रकार आढळल्यास कारवाई होईल.

मुखरूनं तो कागद दोनदा वाचला. त्या दिवशी मंगळवार होता आणि नऊ वाजायला आले होते. पुन्हा दीडशे पावलं. पुन्हा मोह.

पत्रू सुई पुसत म्हणाला, "काका, डॉक्टरनं सांगतलं, संतापाचं नाई."

"डॉक्टरले म्हन, इथी येऊन बस."

त्या शुक्रवारी बुधरी आली, तेव्हा मुखरूनं नेहमीसारखं तिचं ओझं सोडायला लावलं. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. बुधरीचं तोंड उतरलं, मग तापलं.

"इतकं झालं तरी मोजते तू?"

मुखरू मोजत राहिला. पासात पस्तीस होत्या. ओझ्यात सदतीस निघाल्या.

"ह्या दोन जास्ती," तो म्हणाला.

"थ्या दोन तुह्यासाठीच आनल्या होत्या, मुर्दाडा," बुधरी म्हणाली. "दांड्यापाशी लावाले."

मुखरूनं त्या दोन बाजूला ठेवल्या. बावीस वर्षांत त्यानं कोणाचं पान खाल्लं नव्हतं, आणि ताटी ही पानापेक्षा मोठी होती. घेतली तर खाल्ली. नाही घेतली तर मोह. त्याच्या कानशिलात पुन्हा ठोके पडायला लागले, आणि पोटाखालूनही बोलावणं आलं, दोन्ही एकाच वेळी.

त्यानं दोन्ही ताट्या उचलल्या, दांड्याच्या खुंटाला आणि भिंतीला सुतळीनं घट्ट बांधल्या, हातोडा घेऊन दोन्हींच्या काठीवर सरकारी मार्का मारला आणि टाक बुडवला.

"काय लिहितं?" बुधरीनं विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. "विनापास ताट्या दोन, बुधरी राहणार पाडा हिजकडून जप्त. सरकारजमा. नाक्याच्या लघवीच्या कामी लावल्या."

बुधरी त्याला जे बोलली ते माडियात बोलली, आणि ते पळसटोल्यात कोणी मराठीत करून सांगितलं नाही. मुखरूनं लोटा खिळ्यावरून काढला आणि ताट्यांच्या मागं गेला. ती बाहेरून बोलत राहिली आणि तो आतून उत्तरं देत राहिला.